एक थाळी अदा करण्याचे वचन

ऐंशी सालानंतर काही महिने देवासमध्ये चलन दोन ठिकाणी छापलं जात होतं. एक सरकारच्या नोटांच्या कारखान्यात आणि दुसरं माझ्या सांगण्यावरून. पहिल्या ठिकाणी बंदूकधारी पहारा होता. दुसऱ्या ठिकाणी मी होतो, आणि मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असल्यामुळे तिथेही पहारा हवा असं कुणाला वाटलं नाही. (ही चूक पुढे सर्वांच्याच लक्षात आली.)

सुरुवात मात्र माझी नाही, माझ्या बायकोची. देवासला तेव्हा एकामागून एक कारखाने निघत होते आणि सांगली-नाशिककडची बिनलग्नाची पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. दिवसभर लेथवर उभी राहायची आणि संध्याकाळी कचोरी समोर ठेवून आमटीच्या आठवणीनं हळवी व्हायची. कुसुमनं सहा जणांना जेवू घालायला सुरुवात केली, वर्षभरात त्यांचे बावीस झाले. थाळी साडेतीन रुपयांना. वरचे हे आठ आणेच सगळ्या घोटाळ्याचं मूळ, कारण सुटे पैसे बाजारातून गायब झाले होते! दुकानदार आठ आण्यांच्या बदल्यात गोळ्या द्यायचे, काडेपेटी द्यायचे, एकानं तर मला अर्धं लिंबू दिलं होतं.

"मी तर परेशान झाले या चिल्लरपायी," कुसुम म्हणाली, आणि तिनं जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांची कूपनं केली. मागे 'कुसुम भोजनालय' असा रबरी शिक्का. एक कूपन, एक थाळी. महिन्याच्या पहिल्या तारखेला पोरं तीस कूपनं घ्यायची आणि हिशेब संपला. शिक्का ती किल्ल्यांबरोबर कमरेला लावून ठेवायची. तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं होतं.

मग एक दिवस सांगलीच्या दत्तूकडे पानाची उधारी फेडायला चिल्लर नव्हती, म्हणून त्यानं कोपऱ्यावरच्या बंसी पानवाल्याला कूपन दिलं. बंसी जेवून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून कूपनं मागायला सुरुवात केली. मग न्हावी घेऊ लागला, सायकलचं पंक्चर काढणारा घेऊ लागला.

"मास्साब, चिल्लर तो है नहीं देवास में," बंसी मला म्हणाला, "पर भाभी की थाली तो है. भिया, इससे पक्की चीज क्या?"

माझ्या अंगावर काटा आला. पंधरा वर्षं मी मुलांना 'पैशाची उत्क्रांती' हा धडा शिकवत होतो आणि तो माझ्याच ओसरीवर घडत होता!

आता थोडं माझ्या विषयाबद्दल सांगायला हवं. विकसनशील देश म्हणजे काय, तर हात आहेत पण काम नाही, जमीन आहे पण पाणी नाही, आणि तिजोरीत खडखडाट. अशा वेळी सरकार थोड्या नोटा जास्त छापतं. याला तुटीचा अर्थभरणा म्हणतात. नोटा मिळाल्या की हात कामाला लागतात, धरण होतं, पीक येतं, आणि जास्तीच्या नोटांपुरता माल बाजारात येतो. मधल्या काळात महागाई होते, पण ती आमच्या पुस्तकात जेमतेम अर्ध्या पानाची होती.

आमचं घर या व्याख्येत तंतोतंत बसत होतं. दुपारी तीन ते पाच स्टोव्ह रिकामा, मोठं पातेलं रिकामं आणि (माझ्या मते) कुसुमही रिकामी. शिवाय धरणही बांधायचं होतं. टेकडीपलीकडे निघालेल्या नव्या वसाहतीत आम्ही एका प्लॉटचा बयाणा दिला होता. उरलेली रक्कम अक्षय्य तृतीयेपर्यंत द्यायची, नाहीतर बयाणा बुडणार. कुसुमनं थाळी-थाळीनं पैसे जमवून पितळी डब्यात ठेवले होते आणि त्यात अजून आठशे कमी पडत होते. रोज झोपण्यापूर्वी ती डबा उघडून बघायची. भाड्याच्या दोन खोल्यांत बावीस पानं वाढून तिची कंबर मोडली होती. नव्या जागेत आधी स्वैपाकघर बांधायचं, बाकीचं घर जमेल तेव्हा, असं तिचं ठरलेलं होतं. मला ते बघवेना, हे अगदी खरं आहे. माझा हेतू चांगला होता. मला वाटतं, बुडालेल्या सगळ्याच अर्थमंत्र्यांचा असतो.

मी एका छापखान्यात जाऊन तीनशे कूपनं छापून घेतली. कुसुमचा शिक्का मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यावर महिरप काढवली आणि खाली हिंदीत छापलं, 'मैं धारक को एक थाली भोजन अदा करने का वचन देता हूँ.' त्याखाली माझी सही. तीनशे वेळा सही करताना मला गव्हर्नर झाल्यासारखं वाटत होतं.

"ये कौन-सा माल है, मास्साब?" बंसीनं विचारलं.

"नई सीरीज है."

पावणेतीन रुपयांच्या भावानं त्यानं सगळी घेतली. सव्वाआठशे आले, त्यातले पंचवीस छापखान्याचे गेले. आठशे मी कुसुमच्या हातावर ठेवले आणि महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली म्हणून सांगितलं. तिचे डोळे भरून आले. त्या रात्री तिनं मला दोनदा तूप वाढलं. मला लाज वाटायला हवी होती, पण मी तूप खाल्लं.

पुढच्याच आठवड्यात कुसुम गोंधळली.

"अहो, आज परत डाळ पुरली नाही. या पोरांची भूक वाढली का काय?"

"उन्हाळा लागतोय."

"उन्हाळ्यात भूक वाढते?"

"विकसनशील भागात वाढते," मी म्हणालो.

रांधायची ती, वाढायला आणि दाराशी कूपनं गोळा करायला मी, त्यामुळे नवी महिरप तिच्या नजरेला पडत नव्हती. पण जेवणारे वाढले होते आणि डाळ तेवढीच होती, म्हणून ती आमटीत पाणी वाढवू लागली. इथून पुढे मला काहीच कळेनासं झालं. पुस्तकाप्रमाणे भाव चढायला हवा होता. थाळी तर साडेतीनलाच होती! मग महागाई गेली कुठे? चार दिवसांनी दत्तूनं ती शोधून काढली. वाटीत बोट बुडवून तो म्हणाला, "वहिनी, तळ दिसायलाय की." महागाई आमटीत शिरली होती. तिकडे बंसीनं एका कूपनाला दहा पानं द्यायचं बंद करून सातच द्यायला सुरुवात केली. मी जाब विचारला.

"भाभी की दाल पतली, तो मेरा भाव भी पतला," तो म्हणाला. हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मी अभ्यास वाढवला. रात्रंदिवस पुस्तकं चाळली. एका लेखकाच्या मते मी आणखी कूपनं छापायला हवी होती, दुसऱ्याच्या मते छापलेली परत घ्यायला हवी होती. मी दोघांच्या मधला मार्ग काढला आणि काहीच केलं नाही.

गुढीपाडव्याला कुसुम दरवर्षी श्रीखंड करायची. त्यातच कुणीतरी उठवलं की भाभी प्लॉटवर राहायला जाणार, खानावळ बंद होणार. झालं! सकाळी दहाला मी गुढी उभारत होतो तेव्हा दाराशी सात माणसं होती. अकराला रांग बंसीच्या ठेल्यापर्यंत गेली. त्यातले निम्मे चेहरे मी जन्मात पाहिले नव्हते. लोहारद्याहून मंडीत आलेला एक शेतकरी न्हाव्याकडून मिळालेली चार कूपनं घेऊन आला होता आणि सोबत खाणारी चार माणसं. बंसीचा मेव्हणा धारच्या बसवर कंडक्टर होता, तो उतारूंना चिल्लर म्हणून माझी कूपनंच देत होता. माझं चलन परगावी पोचलं होतं. एरवी मला अभिमान वाटला असता.

आणि मग धारच्या बसनं आलेले आप्पासाहेब पुढे झाले. जुन्या संस्थानात खजिन्यावर कारकुनी केलेले, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री.

"कुसुम भोजनालय ते हेच काय?" त्यांनी विचारलं. "आम्हांस बसवाल्याने अशा तीन हुंड्या दिल्या. वर वचन लिहिले आहे. वचन देणारे गृहस्थ कोठे आहेत?"

"कसलं वचन?" कुसुम हात पुसत बाहेर आली. आप्पासाहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी माझं नाव आलं.

कुसुमनं कूपन हातात घेतलं. उलटंपालटं केलं. मग रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती?"

"तीनशे," मी म्हणालो. "पण त्यातली साठेक खाऊन झालीत."

"म्हणजे ती थकबाकी..."

मी मान खाली घातली. तेवढ्यात मागून आवाज आला, "थाली नहीं देते तो पैसा वापस करो!" मग दुसरा, मग सगळेच. कुसुमची नजर आत कोनाड्यातल्या पितळी डब्याकडे गेली. एकेकाला पैसे परत करायचे म्हटले असते तर बारा वाजेपर्यंत प्लॉट संपला असता, आणि तो मी विकला असता.

"सही अस्सल आहे," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "पण तारण काय?"

कुसुमनं पदर खोचला. ती आत गेली आणि दहा मिनिटांनी बाहेर आली ती आमटीचं पातेलं घेऊन. डावानं तळापासून ढवळून तिनं सगळ्यांना दाखवलं. घट्ट आमटी होती. आठवड्याची डाळ तिनं एकाच वेळी घातली होती.

"सुनो," ती म्हणाली. "जिसपे मेरा शिक्का है, वो अभी बैठे. श्रीखंड के साथ. खानावळ बंद नहीं हो रही, और दाल आज से ऐसी ही रहेगी."

रांग थोडी सैल झाली.

"और जिसपे इनकी सही है, उसकी थाली भी मिलेगी. एक भी कूपन डूबेगा नहीं. रोज दोपहर तीन बजे, बीस थाली. जिसने वचन दिया, वो ही पकाएगा."

"मी?" मी म्हणालो.

"तीन ते पाच स्टोव्ह रिकामाच असतो," कुसुम म्हणाली. ही मांडणी तिला कुठून कळली, हे मला आजवर समजलेलं नाही.

"और जिसको इनके हाथ का नहीं खाना," ती पुढे म्हणाली, "वो इनके दो दे, मेरा एक ले जाए."

लोक हसले. दोनाला एक? कोण देईल? पहिल्या दिवशी जेवायला बसेपर्यंत कुणीच दिलं नाही. तीन वाजता वीस माणसं उत्साहानं बसली. मी पोळ्या केल्या. (मी त्यांना पोळ्या म्हणतो, दत्तूनं एक कारखान्यात नेऊन फोरमनला दाखवली.) आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून मी ते तीनदा घातलं. आप्पासाहेबांनी एक घास घेतला, डोळे मिटले. मग त्यांनी खिशातून उरलेली दोन कूपनं काढली आणि कुसुमला म्हणाले, "बाई, दोनाला एक हा दर अद्याप चालू आहे ना?"

दुसऱ्या दिवशी जेवायला नऊ माणसं आली. बाकीची सगळी कुसुमच्या खिडकीशी रांगेत होती. तिसऱ्या दिवशी मी भात लावला आणि दर तीनाला एक झाला. दर कुसुमनं ठरवलाच नाही, तो माझा भात चाखून लोकांनीच ठरवला! बंसी रोज सकाळी ठेल्याबाहेर पाटीवर खडूनं भाव लिहायचा. आदल्या दिवशी मी काय रांधलं होतं, हे त्यावरून अख्ख्या गल्लीला कळायचं. भेंडी केली त्या दिवशी चाराला एक लिहिलं होतं.

आठ दिवसांत माझं सगळं चलन परत आलं. जी देणी होती ती कुसुमच्या शिक्क्याच्या मोजक्या थाळ्यांत बसली, त्या तिनं उन्हाळाभर हळूहळू वाढल्या. पितळी डब्यातून एक रुपयाही निघाला नाही. मी पुस्तकात पुन्हा पुन्हा शोधलं, यातलं नेमकं काय झालं म्हणून. अवमूल्यन होतं, चलनसंकोच होता की माझी भेंडी होती? सगळ्याच पानांवर मला खुणा कराव्याशा वाटल्या.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही प्लॉटची रजिस्ट्री करायला गेलो. मूळ मालकानं पैसे घेतले, कुसुमनं सही केली. प्लॉट तिच्याच नावावर होता, यावर घरात चर्चा झाली नव्हती. एका साक्षीदाराची सही झाली होती. दुसरा हवा होता.

"भाईसाब कर दें," कारकून माझ्याकडे बघून म्हणाला. मी पेन काढलं.

कुसुमनं कागदावर हात ठेवला. "इनकी नहीं."

"क्यों? पति हैं ना आपके?"

"पति तो हैं," ती म्हणाली. "पर इनकी सही बाजार में चलती नहीं."

मग बाहेर पान विकायला आलेल्या बंसीला बोलावलं. त्यानं चुन्याचं बोट धोतराला पुसलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव लिहिलं. कारकुनानं फुंकर मारून शाई वाळवली, 'ठीक है' म्हणाला, आणि अजून पेन उघडं धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे कीव येऊन पाहिलं.

"भाईसाब करते क्या हैं?"

"कॉलेज में पढ़ाते हैं," कुसुम म्हणाली. "यही."