ठाणेदाराच्या टाकीतले दगड

मामाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कळमेश्वरच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवत होते. घरून आलेला फोन शिपायाने दारात येऊन सांगितला. सकाळी मी घरून निघाले तेव्हा माझे हे सासरे जुन्या ब्लेडने टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होते. बसमध्ये बसल्यावर पहिला विचार मनात आला तो नवऱ्याचा नाही, सासूबाईंचाही नाही... ठाणेदाराला आज कोणी खायला घातलं असेल, हा. ठाणेदार म्हणजे मामाजींचा मासा. कोणाला हसू आलं तर खुशाल हसावं, मामाजींनाही ते आवडलं असतं.

ऑस्कर जातीचा मासा तो. काळं अंग, त्यावर निखाऱ्याच्या रंगाचे पट्टे. तार ऑफिसातल्या एका दोस्ताने कलकत्त्याहून आणला तेव्हा बोटाएवढा होता म्हणे. प्रताप नगरच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी अँगलच्या टाकीत तो वाढला आणि बघता बघता टाकीचा मालक झाला. सोबतीला सोडलेले गोल्डफिश त्याने गिळले, एंजल माशांचे पंख कुरतडून टाकले. मामाजींनी मात्र त्याला कधी वाईट म्हटलं नाही. “त्याले सारी जागा आपलीच वाटते वं सूनबाई, बाकी काही नाही,” एवढंच म्हणायचे. एकटं कोणी राहू नये, हा त्यांचा हट्ट होता, मग तो मासा का असेना.

इथे माझ्या लग्नाचं सांगायला हवं. मी बौद्ध घरातली, ही मंडळी कुणबी. आम्ही दोघं कॉलेजात भेटलो आणि ठरवून मोकळे झालो. मामाजी स्वतः कळमेश्वरला येऊन माझ्या वडिलांशी बोलून गेले. सासूबाईंनी मात्र ‘ती माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही’ असं घरात बजावून ठेवलं होतं. मीही काही कमी नव्हते. अपमान झाला तर मिळेल त्या बसने परत येईन, असं आईला सांगून निघाले होते. सासरी पोचल्यावर बॅग उघडलीसुद्धा नाही.

आणि घरात पाहते तो सगळा गोंधळ! आदल्या दिवशी मामाजींनी एकहाती घर उलटंपालटं केलेलं. पलंगाच्या जागी कपाट, कपाटाच्या जागी शिलाई मशीन, स्वयंपाकघर मागच्या खोलीत आणि डबे भलत्याच फळ्यांवर. सासूबाई संतापाने लाल झालेल्या. दुसऱ्या दिवशी भाजीत टाकायला त्यांना मीठ सापडेना. एकेक डबा उघडायचा, आपटून बंद करायचा... मी उंबऱ्याबाहेर उभी. शेवटी माझ्याकडे न बघताच त्या ओरडल्या, “उभी काहून आहे वं? तिकडचे डबे पाह्य ना!” मी आत गेले. मीठ हळदीच्या डब्यामागे होतं. ते त्यांच्या हातात दिलं आणि त्या रात्री बॅग उघडली.

पुढे काही सगळं गोड झालं असं नाही. आमची भांडी खूप वाजली. पण कोणता डबा कोणाचा, हे कधी ठरलंच नाही. त्यामुळे कोणी कोणाला बाहेर काढू शकलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्या नवऱ्याने मोठ्या हौसेने दुसरा ऑस्कर आणून टाकीत सोडला. “बाबा, याच्याच जातीचा आहे. जमन दोघाइचं.” सांजेपर्यंत नवीन मासा कोपऱ्यात आडवा पडला होता, शेपटी फाटलेली. मामाजींनी त्याला बादलीत काढलं आणि म्हणाले, “कोणी सांगितलं गा तुले, जात एक असली का जमते म्हणून?” माझा नवरा माझ्याकडे बघून असा काही खजील झाला की मला हसू आवरेना.

मग मामाजी मलाच घेऊन खाप्याला गेले. कन्हान नदीवर मासे धरणाऱ्या ढिवरांनी टोपलीभर मासे दाखवले. तोंडात मावेल असा नको, ठाणेदारासारखा दिसणारा नको, गळ्यात काटा अडकेल असा टेंगरा नको, आणि दबून बसणारा तर मुळीच नको. हातात धरवेना असा एक चपळ, वीतभर रोहू त्यांनी पसंत केला. घरी आल्यावर त्याला लगेच सोडलं नाही. आधी बाह्या सरसावून टाकीतले सगळे दगड काढले आणि वेगळे रचले. ठाणेदार भांबावून फिरू लागला. “आता त्याले काहीच ओळखीचं वाटत नाही,” ते म्हणाले, “आज दोघंही नवे.” मग रोहू सोडला. ठाणेदार त्याच्याजवळून दोनदा गेला आणि आपल्या वाटेने निघून गेला.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. “मामाजी, म्हणून तुम्ही घर...?”

“आधी त्याले खाऊ घाल,” ते हात पुसत म्हणाले. मला रडू आलं होतं, ते त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता मामाजी नाहीत. तेरवी झाली, पाहुणे गेले. सासूबाई जेवायला बोलावल्याशिवाय येईनाशा झाल्या. स्वतःच्याच घरात पाणीसुद्धा विचारून घेऊ लागल्या. परवाच्या रविवारी पाहते तर टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभ्या, पदर भिजलेला.

“आई, काय करून राहिल्या?”

“त्याहिनं तवा घर काहून हलवलं, ते मले तवाच समजलं होतं वं. बोलली नाही कधी.” एक दगड त्यांनी इकडचा तिकडे ठेवला. “आता ते नाहीत. घर तुह्या हातचं. आता मीच नवी आहो इथं.”

मी कपाटाची एक बाजू धरली, नवऱ्याला हाक मारली. दिवसभर आम्ही घर हलवलं. सासूबाईंची खाट बाहेरच्या खोलीत टाकीजवळ आली, डबे जिथे जागा मिळेल तिथे गेले. संध्याकाळी भाजी चुलीवर होती आणि मला मीठ सापडेना.

“आई, मीठ कुठी ठेवलं?”

“मले काय माहीत!” त्या खाटेवरून म्हणाल्या, आणि शोधायला उठून आत आल्या.