टोपड्याचा वास

सिगारेट ओढणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगाचा वास येतो का, हे मला कुणी विचारू नये. विचारलं की मला आमचे आबा आठवतात आणि माझं डोकं फिरतं. पण मला सांगायचं आहे ते आबांबद्दल नाही, माझ्या आईबद्दल. भामाबाई तिचं नाव. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात ती नांदायला आली आणि तिथलीच झाली. मी तिची थोरली, सुकन्या.

आमची मेंढरं होती तेव्हा आईच्या नाकाला सगळ्या भावकीत मान होता. दिवसभर मेंढ्या रानात चरायच्या आणि कोकरं मागे वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात असायची. संध्याकाळी मेंढ्या परतल्या की एकच गलका व्हायचा. एखादं नवं कोकरू भांबावून भलतीकडेच धावलं की आबा ते उचलून आईच्या हातात द्यायचे. आई त्याच्या टाळूला नाक लावायची आणि म्हणायची, "कानतुटीचं हाय ह्ये." त्या मेंढीखाली सोडलं की कोकरू लुचायला लागायचं. आम्हा पोरांना ती जादू वाटायची. आईला त्यात काहीच विशेष वाटत नसे. "मेंढीला कळतं, तर मला का कळू नये?" असं विचारायची.

कधी एखाद्या मेंढीचं कोकरू मरायचं आणि दुसरीकडे एखादं कोकरू पोरकं असायचं. मग आबा मेलेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्याच्या अंगावर बांधायचे. मेंढी हुंगायची, तिला आपल्या कोकराचा वास यायचा आणि ती पाजायची. आईला ते बघवत नसे. "मुक्या जनावराला फशिवताय तुमी," ती म्हणायची. आबा हसायचे आणि म्हणायचे, "फशिवलं तर काय झालं? कोकरू जगलं न्हवं?"

मग आमचे थोरले चुलते तात्याबा घशाच्या दुखण्यानं गेले. विडी शेवटपर्यंत सुटली नव्हती. सुतक फिटल्यावर आबांनी देवापुढचा भंडारा उचलला आणि सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "आजपास्नं विडीला हात लावनार न्हाय." खंडोबाचा भंडारा उचलला की आमच्यात विषय संपतो. मग त्या माणसाला कुणी पुन्हा विचारत नाही. आईनंही कधी विचारलं नाही.

पुढे आजूबाजूची रानं बागायत झाली, चराईला जागा उरली नाही, मेंढरं विकून टाकली. आबा साखर कारखान्यावर वॉचमन लागले, बहुतेक रात्रपाळीला. खाकी कपड्यांत, मिशीला पीळ देऊन निघाले की गल्लीतली माणसं वळून बघायची. मला त्यांचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. कोऱ्हाळ्याला सासरी गेल्यावरही जावांना मी ऐकवायची, आमच्या आबांना सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही.

आईचं मात्र अवघड झालं. सगळा कळप सांभाळलेल्या बाईला दोन शेळ्यांमागे दिवस सरेना. तिला शेजारच्या कुशाबाईनं मिश्रीची सवय लावली. काळी तंबाखू तव्यावर करपवायची, बोटांनी चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी दातांना घासायची. एकदा घासली की तोंडात धरून तासभर बसायचं. तवा चढला की घरभर खकाणा उठायचा. आणि त्या करपट वासात आईचं नाक गेलं ते गेलंच. दूध नासलेलं कळेना, शेळी माजावर आलेली कळेना.

माझा भाऊ बिरू बारामतीला एमआयडीसीत कामाला लागला. त्याचं लग्न झालं आणि मोरगावची रोहिणी आमच्याकडे आली. पोरगी गुणाची, पण नाकाची तिखट. "आत्या, घरात तंबाखूचा वास लई येतो," ती म्हणायची. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. आई ओशाळायची, तवा अंगणात न्यायची. तरी वास जात नसे. आबा खाटेवरून म्हणायचे, "काय करनार पोरी, तुज्या सासूची मिश्री. आता वास भिताडात मुरलाय." हे ते अगदी मायेनं, समजुतीच्या सुरात म्हणायचे. मीसुद्धा आईलाच बोलले होते.

मग सिद्धू झाला. बिरूचा मुलगा, आईचा पहिला नातू. आईनं त्याच्यासाठी चार टोपडी शिवली, एकापेक्षा एक. थंडी सुरू झाली तसा पोराचा छातीचा भाता चालू लागला. रात्ररात्र धाप, बरगड्या आत ओढलेल्या. इंदापूरच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात विडी-सिगारेट कोण ओढतं?"

बिरू म्हणाला, "कुणीच नाही." आबा मागे उभे होते, ते पुढे झाले. "कोन वढत न्हाय, सायब. हिची मिश्री असती. तवा सारका चुलीवर."

डॉक्टर म्हणाले, "मग ती आधी बंद करा. तंबाखूचा धूर नको आणि तो वास असलेलं माणूसही बाळाजवळ नको." बाकावर बसलेल्या सगळ्या बाया माझ्या आईकडे बघू लागल्या. आईनं तोंडावर पदर ओढला. तिच्या मांडीवर सिद्धू होता. तिनं त्याला रोहिणीकडे दिलं, आणि त्या दिवसापासून तो तिच्या मांडीवर आला नाही.

घरी आल्याबरोबर आईनं तवा आणि डबी उकिरड्यात पुरली. डोकं ठणकायचं, पण पुन्हा बोट लावलं नाही. तिनं आपलं अंथरूणही शेळ्यांच्या पत्र्याच्या शेडात नेलं. सकाळ-संध्याकाळ अंघोळ करायची, रिठ्यानं केस धुवायची. तरीही रोहिणी म्हणे, "आत्या, अजून येतोय वो जरा." आई मागे सरायची. दाराच्या चौकटीला धरून पोराचं हसणं बघायची. आणि आबा कामावरून आले की हातपाय धुऊन, ओट्यावर बसून, सिद्धूला खुशाल छातीशी घेऊन खेळवायचे. पोराची धाप काही थांबत नव्हती. "भामे, तुज्या हातानं झालंय ह्ये," असं आबा एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना म्हणावं लागलंच नाही. आई स्वतःच ते म्हणत होती.

शहाण्णव सालच्या पंचमीला मी माहेरी आले. आई बदललेली दिसली. मिश्री सुटली तसं तिचं नाक हळूहळू परत आलं होतं. मी पिशवी ठेवायच्या आत म्हणाली, "कानवलं आनलंस व्हय? तूप जुनं हाय त्येच्यातलं." मी हसले. किती वर्षांनी ती अशी बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीपाशी बाळाचे कपडे धुवायला बसली होती. टोपडं पाण्यात बुडवायला निघाली आणि थांबली. ते तिनं नाकाशी नेलं, कोकराची टाळू हुंगायची तसं.  मग तिनं मला हाक मारली.

"सुकन्ये, हितं ये. वास घे."

मी घेतला. दूध, वेखंड, आणि त्याच्याखाली सिगारेट. शिळी, कडवट सिगारेट. माझे दीर ओढतात, त्यामुळे तो वास मला चांगला माहीत आहे. मी आईकडे पाहिलं. तिनं रोहिणीला विचारलं, "ह्ये टोपडं घातल्यापास्नं पोरगं कुनाकुनाकडं व्हतं?"

"माझ्याकडं आन मामांकडं," रोहिणी म्हणाली. बिरू तर बारामतीलाच होता.

आबा ओट्यावर चहा पीत होते. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि टोपडं पुढे धरलं.

"वास घ्या."

"कशाचा?"

"घ्या तर खरं."

आबांनी टोपडं नाकाला लावलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी दोनदा हुंगलं, सावकाश. "दुदाचा येतोय," ते म्हणाले. "जरा येखंडाचा."

"आनि?"

"आनि काय? कायबी न्हाय."

ते खोटं बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगते. त्यांना तो वास येतच नव्हता. पुढे कळलं, रात्रपाळीला ओढून झालं की तोंडात लवंग धरायची, हाताला लिंबाचा पाला चोळायचा, असं सगळं करून ते घरी यायचे, आणि आपण सुटलो असं त्यांना वाटायचं. तो वास त्यांच्या मिशीत होता, छातीवर होता, सदऱ्यात होता. सगळ्या घराला तो येत होता, आणि सगळं घर आईकडे बघत होतं.

आई म्हणाली, "तुमी सिगरेट वढताय."

आबांनी कप खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले. मग ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "भंडारा मी विडीचा उचलला व्हता," ते म्हणाले. "सिगरेटचं त्यात काय न्हवतं."

मला हसू आलं, आणि लगेच संतापही आला. हेच का माझे आबा, ज्यांच्या नावानं मी सासरी मान ताठ ठेवली? खंडोबालाही त्यांनी वकिलासारखं कात्रीत धरलं होतं.

आईचा आवाज चढला नाही. "दवाखान्यात माजं नाव का घेतलंत?"

"तुजी मिश्री व्हतीच की. खोटं काय बोललो?"

"आनि मिश्री सुटल्यावर?"

आबा मिशीवरून हात फिरवू लागले.

"थंडीपास्नं मी शेळ्यांत निजती. तुमी रोज बगत व्हता."

"मला वाटलं, तुजाच ऱ्हायलाय वास," आबा म्हणाले. "मला माजा कदी आलाच न्हाय." यातलं खरं किती आणि सोयीचं किती ते त्यांचं त्यांना ठाऊक. ओढत होते, एवढं तरी त्यांना माहीत होतं. पोराला धाप लागते हेही माहीत होतं.

आईनं टोपडं त्यांच्या हातातून काढून घेतलं. "मेलेल्या कोकराचं कातडं बांदत व्हता, तसं माज्या वासाचं बांदून बसलासा," ती म्हणाली. "मेंढी निदान आपल्या दुदानं कोकरू तरी जगवती. मी काय जगवलं?"

 आबा उठून बाहेर गेले आणि आईनं त्यांना थांबवलं नाही.

रोहिणीचे डोळे भरले होते. तिनं पाळण्यातून सिद्धूला उचललं, आईसमोर आली आणि म्हणाली, "आत्या, घ्या त्याला." आई पुढे झाली. पोराला घ्यायला हात लांब केले आणि मध्येच मागे घेतले. तिनं स्वतःचे तळवे हुंगले, पदर हुंगला, पुन्हा तळवे हुंगले. मग ते दोन्ही तळवे तिनं सुनेच्या नाकासमोर धरले.

"आपला आपल्याला येत न्हाय गं," ती म्हणाली. "तू बग आदी."