चिमूटभर विभूती

"थांबा, आधी वारं इचारू द्या," म्हणत आमचे जुने ऑपरेटर मामा वीजकेंद्राच्या कंट्रोल रूमबाहेर यायचे. कपाळाला लावायच्या विभूतीची डबी खिशातून काढायची, चिमूटभर हवेत सोडायची आणि ती कुणीकडं जाते ते डोळे बारीक करून बघायचं. आत मशीन सुरू करा म्हणून वरच्या ऑफिसचा फोन ठणाणा करायचा, "मशीन घ्या, मशीन घ्या!" मामा ढिम्म.

लातूर-उदगीर रस्त्यावरचं आमचं गॅसचं वीजकेंद्र दिवसभर झोपलेलं असायचं. संध्याकाळी दिवे लागले, मागणी चढली की तास-दोन तास चालवायचं. गॅसला धूर नसतो म्हणे! तुम्ही कधी मशीन सुरू होताना उभे राहिलात का तिथं? पहिली दहा मिनिटं हळदीसारखा पिवळा धूर निघतो, घसा सोलून काढतो. साहेब धुराचं मोजमाप घ्यायचे ते मशीन स्थिरावल्यावर.

"तोंड धुतल्यावर फोटो काढायलेत हे," मामा म्हणायचे.

दुष्काळाचं साल होतं. कुंपणापलीकडच्या वस्तीत टँकर नेमका संध्याकाळीच यायचा. मामा त्याच वस्तीत राहायचे, त्यांना दमाही होता. विभूती वस्तीकडं गेली की रांग हटेपर्यंत ते मशीन अडवून धरायचे. मेमो आला की घडी घालून खिशात टाकायचे. टपरीवर तेव्हा उदगीर नवा जिल्हा होणार की नाही यावरून लोक हातघाईवर यायचे.

"मामा, तुम्हीच कलेक्टर व्हा," मी चिडवायचो.

"हाव. पर वारं इचारून."

एका संध्याकाळी मामांची सुट्टी होती. फोन आला, मी मशीन घेतली. बाहेर गेलोच नाही. घाई होती असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे आळस, दुसरं काही नाही. जरा वेळानं काचेतून पाहिलं तर पिवळा धूर वाकून वस्तीवर बसलेला. बायकांनी तोंडाला पदर लावले होते, पण रांग मोडेना. पाणी सोडून कोण जाणार? रांगेत दोन घागरींमध्ये मामा गुडघ्यांवर हात टेकून खोकत होते. मशीन बंद करायचं लाल बटन माझ्या हाताशी होतं. साहेब काय म्हणतील, या भीतीनं मी ते दाबलं नाही.

तिसऱ्या दिवशी मामांना बघायला दवाखान्यात गेलो.

"वारं कुणीकडं होतं रं त्या दिवशी?" मामांनी विचारलं.

"बघितलं न्हाई, मामा."

"हाव," एवढंच म्हणाले. मग उशीखालून डबी काढून माझ्या हातात ठेवली. "तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मला आता कुणीकडचंबी चालतंय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठवडाभरात मामा गेले.

डबी अजून माझ्या खिशात आहे. विभूती संपली की घरच्या देव्हाऱ्यातून भरून घेतो. रोज बाहेर येऊन चिमूट सोडतो. एखाद्या संध्याकाळी वारं पडलेलं असतं, विभूती सरळ माझ्याच पायांवर पडते आणि कुंपणापलीकडून कुणी खोकल्यासारखं वाटतं. मी तिकडं बघत नाही. आत फोन वाजत असतो. मी उभाच राहतो.