‘ओ’ म्हणणारी बाई

घोळ भाच्यानं घातला आणि निस्तरावा लागला मावशीला. स्पॅनिशच्या वर्गात जेमतेम महिनाभर बसलेल्या या पंडितानं तिला छातीठोकपणे सांगितलं, “सोप्पंय गं! आपण ‘मी पुसतो’, ‘मी पुसते’ म्हणतो ना, तसंच. साफ करायचं असेल तर पुरुषानं म्हणायचं ‘लिंपिओ’, बाईनं ‘लिंपिआ’.”

मावशी एका हॉटेलात बाथरूम साफ करायची. मोरीच्या जाळीतून परक्या केसांचे गुंते बोटांनी उपसायचे, टबाच्या कडेची बुळबुळीत साय खरवडायची. इतकी वर्षं झाली, पण ओला केस बोटाला चिकटला की आजही तिच्या अंगावर काटा यायचा, आणि घरी घास तोंडाशी नेला की तोच वास नाकात शिरायचा. तिचा जीव अडकला होता तो चादरींच्या खोलीत. तिथे इस्त्रीची ऊब, कोरडं कापड, आणि ओलं काही म्हणून नाही. नवी सुपरवायझर बाई फक्त स्पॅनिश बोलायची. बाथरूममध्ये जी जास्त राबते तिला ती चादरींवर घेणार, अशी सगळीकडे कुजबुज होती.

एके सकाळी बाईंनी लख्ख बाथरूमकडे बोट दाखवून ‘हे कोण साफ करतं?’ अशा भुवया उंचावल्या. मावशीशेजारी तिच्याबरोबर तिथेच कामाला असलेली धाकटी जाऊ उभी होती, कोरडेठणठणीत हात मागे बांधून.

“लिंपिआ!” मावशीनं ठणकावून सांगितलं.

बाईंनी जावेकडे पाहिलं, कौतुकानं तिचा खांदा थोपटला. दुसऱ्या दिवसापासून जाऊ चादरींवर!

भाच्यानं पुस्तक उघडलं आणि त्याचं तोंड उतरलं. “मावशी, ‘लिंपिआ’ म्हणजे ‘ती साफ करते’.”

“ती? कोण ती?”

“शेजारी असेल ती.”

“शी! म्हणजे माझ्याच तोंडानं मी तिला वर चढवलं?”

“‘मी’ला, म्हणजे ‘यो’ला, ओच लागतो. बाई असो, बुवा असो. मी लिंपिओ, तू लिंपिआस, ती लिंपिआ, आम्ही लिंपिआमोस, तुम्ही लिंपिआइस, ते लिंपिआन.”

“बाईनं ओ म्हणायचं? मग मिशाही काढू का काजळानं?” तिला त्या गुंत्यांइतकीच या भाषेची शिसारी आली. तरी टब घासताना ती तोंड वाकडं करून घोकत राहिली. घरी भाचा समोर आला की टोमणा तयार, “ताट लिंपिआस का कधी? की नुसतंच पढवतोस?”

शेवटी तिनं सुपरवायझर बाईंना गाठलं. जाऊही तिथेच होती. मावशीनं जाळीतून ओढलेला काळा, गळता गुंता त्यांच्या नाकासमोर धरला, दुसरा हात छातीवर ठेवला. “यो लिंपिओ!”

बाई नाक दाबून मागे सरकल्या. मग त्यांनी जावेकडे पाहिलं. जाऊ जमिनीकडे बघत पुटपुटली, “लिंपिआमोस.”

“आम्ही? कसलं आम्ही गं? बोट तरी कधी ओलं केलंस?” मावशी किंचाळली. हिलाही त्याच दिवट्या भाच्यानं शिकवलं होतं!

पण बाईंना तो मोस पटला. त्यांनी खुणेनंच निकाल दिला: एक आठवडा एकीनं चादरी, दुसरीनं बाथरूम, मग उलट.

बाथरूमच्या पहिल्याच पाळीला जाऊ जाळीत हात घालताच ओकारी दाबत पळत आली. “जाऊबाई, आजचा दिवस तेवढा सांभाळून घ्या. तुमचा एक दिवस मी करीन, शप्पथ!”

मावशीनं “थूत् तुझ्यावर” म्हणत घडी घातलेली चादर ठेवली, हातमोजे चढवले आणि तो गुंता उपसला. तो दिवस जावेनं अजून फेडलेला नाही.