तोफेवरचे तीन घाव

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, तालमीतल्या जिवाभावाच्या दोस्तांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि बघा, आधी आठवतेय ती तोफ, मी केलेलं पाप नाही.

उद्यमनगरात फौंड्रीत माझा जन्म गेला. लोखंडाला नुसतं टकटक केलं तरी मिस्त्री सगळं सांगतो, असं लोक म्हणायचे. मलाही ते गोड लागायचं. आमच्या भागातल्या बागेत चौथऱ्यावर एक जुनी तोफ हाय. खंडेनवमीला तालीम तिची पूजा करते, आणि पूजेआधी दरसाल ऑइलपेंट — थरावर थर. तिची माहिती लिहायची ठरली तेव्हा मलाच बोलावलं. मी दोन टकटक केल्या आणि सांगून मोकळा झालो. ओतीव लोखंड, पन्हाळ्यावरची, शिवकाळातली. बागेच्या फाटकापाशी फलक लागला. खाली माझं नाव.

त्याच वर्षी पूजेला गडमुडशिंगीचे मारुतीआप्पा आले. सत्तरी ओलांडलेला माणूस. म्हणाले, ही तोफ तुर्कांची. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं त्यांच्या बानं आणि दोघा सोबत्यांनी ती चिखलातनं ओढून काढली, जिंकल्याची खूण म्हणून इकडं आली. मागच्या अंगाला चंद्रकोर हाय, तिच्याखाली तिघांनी छिन्नीचा एकेक घाव घातलाय. मधला बाचा. बा डावखुरा, म्हणून तो घाव उलटा कललेला. गावानं बाला मरेपर्यंत थापाड्या म्हटलं होतं. आप्पांना एवढंच हवं होतं — पूजेत एक नारळ बाच्या नावानं फुटावा.

मी काय केलं? भर मंडपात विचारलं, "आप्पा, बा तुमचा लढाईवर गेलता की दारूच्या भट्टीवर?" सगळे खो खो हसले. आप्पाही कसंनुसं हसले आणि चप्पल शोधायला लागले.

पण डोक्यात किडा वळवळत होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच खरवडणी घेऊन गेलो. थर निघत गेले — काळा, चंदेरी, हिरवा, परत काळा. आणि खाली? लोखंड नव्हतंच की ओ. पिवळाधमक धातू! आणखी खरवडलं. चंद्रकोर. शेजारी न वाचता येणारी अक्षरं. खाली एक घाव, दुसरा, तिसरा — आणि मधला उलटा कललेला. खोटं कशाला सांगू, पन्नाशीचा गडी बागेत एकटाच नाचलो. लेकीच्या लग्नातसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता. हे बघा, आत्ताही अंगावर काटा आलाय.

तसाच पळत सुटलो. कुणाला सांगणार — आप्पांनाच की. गडमुडशिंगीची बस कुठून सुटते, तेही आठवून झालं. फाटकापाशी आलो आणि समोर तो फलक. ओतीव लोखंड. मिस्त्री.

ओतकामात भोक राहिलं की चोर कारागीर काय करतो, ठाऊक हाय? लांबी, म्हंजे पुट्टी, भरतो, घासतो, रंग मारतो आणि माल खपवतो. असल्या दोघांना मी स्वतः कामावरनं हाकललं होतं. मी घरी गेलो आणि लांबी घेऊन आलो. चंद्रकोर भरली. अक्षरं भरली. तिन्ही घाव भरले. वर काळा रंग. इतकं सफाईदार काम जन्मात केलं नव्हतं. वीस वर्षं झाली, अजून एक तडा नाही. फलकही तिथंच हाय.

पुढच्या खंडेनवमीला आप्पा परत आले. ती त्यांची शेवटची. गर्दी पांगेपर्यंत थांबले, मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, खरवडून बघितलासा का?"

"बघितलं. काय न्हाय."

त्यांनी तोफेवर हात ठेवला. नेमका लांबीवर. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "म्हंजे बा खोटंच बोलत आला म्हणायचा."

मी हो म्हणून मान हलवली.