मेबलच्या माहेरची माणसं

कर्नल डॅकम यांनी काचेच्या पेटीवर तळहात ठेवला आणि अगदी शांतपणे सांगितलं, की त्यांचा शिक्का ते घरी परत नेणार आहेत. उद्घाटन दुपारी होतं. सकाळचा चहासुद्धा अजून झाला नव्हता.

त्यांच्या शेजारी मिसेस वेनबरो उभ्या होत्या. तसं असेल तर आमचं प्रार्थनेचं पुस्तकही राहणार नाही, असं त्या म्हणाल्या. तिसरे मिस्टर पॉट्स, हाउन्सलोहून आलेले. त्यांचा बॉयलर दुरुस्तीचा धंदा. त्यांनी दिलेली लाकडी पेटी चांगली जड होती, पण व्हॅन दारातच उभी आहे, एवढं त्यांनी सुचवून ठेवलं.

मी लेस्टरपासून बसने तासाभरावर असलेल्या एका छोट्या किल्ल्याच्या म्युझियममध्ये इंटरप्रिटेशन ऑफिसर आहे. नाव भारदस्त आहे. काम एवढंच, की जुन्या वस्तू कोणाच्या आणि कशासाठी, हे शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या कंटाळलेल्या आजोबांना कळेल असं लिहायचं. हे प्रदर्शन माझं होतं. किल्ल्याची मालकीण लेडी मेबल ऑफ एल्मस्टोक हिच्या घराण्याची गोष्ट. ते पडलं असतं, तर त्या हॉलमध्ये सॉफ्ट प्ले आणायचं ट्रस्टींनी जवळजवळ ठरवलं होतं. म्हणजे जिथे मेबलची अंगठी ठेवायची, तिथे रंगीत प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद. माझ्या मॅनेजरला, ग्रॅहमला, त्याचं काही वाईट वाटलं नसतं. सॉफ्ट प्लेच्या शेजारी कॅफे चांगला चालतो.

आता थोडी मेबलविषयी. ती एअरेस होती, म्हणजे एकुलती वारसदार मुलगी. मध्ययुगात इथे बापाला मुलगा नसेल आणि एकच मुलगी असेल, तर सगळी जमीन तिच्याकडे जाई. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात बाप लवकर गेला की पोर राजाच्या ताब्यात. तिचं लग्न कोणाशी करायचं ते राजा ठरवणार. मेबलचं पहिलं लग्न दुधाचे दात पडायच्या आत झालं. नवरा तिच्याएवढाच, तो गोवर का कशाने गेला. मग दुसरा, तोही गेला. मग तिसरा. त्यालाही तिने पोचवलं आणि नंतर पुष्कळ वर्षं एकटी मजेत राहिली. मला ही बाई फार आवडते.

आमचे तीन पाहुणे या तीन नवऱ्यांच्या घराण्यांतले. कर्नलसाहेब पहिल्याच्या. म्हणजे त्या पोराच्या धाकट्या भावाचे वंशज. मेबलशी त्यांचं रक्ताचं नातं शून्य, पण पहिला मान त्यांना हवा, कारण पहिला नवरा त्यांचा. मिसेस वेनबरो दुसऱ्याच्या. किल्ल्याचा बुरूज त्यांच्या माणसाने बांधला, म्हणून पहिला मान त्यांना हवा. मिस्टर पॉट्स तिसऱ्याच्या. चर्चमध्ये मेबल त्यांच्या माणसाशेजारी झोपली आहे. 'शेवटी तिने निवडलं कोणाला?' असं ते विचारत. या पॉट्सना आपण कोण हे मीच शोधून सांगितलं होतं. तोपर्यंत मेबलच्या पेटीत ते वॉशर आणि पाइपाचे सांधे ठेवत.

भांडण फीत कोणी कापायची यावरून होतं.

ग्रॅहम म्हणाला, आडनावांच्या अक्षरांनुसार जाऊ. त्यात मिसेस वेनबरो शेवटी गेल्या, त्यांनी पर्स उचलली. मग लग्नांच्या क्रमाने जायचं ठरलं. त्यात पॉट्स शेवटी गेले, त्यांनी व्हॅनची किल्ली काढली. मग तिघांनी मिळून कात्री धरावी असं निघालं. कात्रीला बोटं घालायला दोनच भोकं असतात, हे तिघांना एकदमच लक्षात आलं. ग्रॅहम म्हणाला, मी एक ईमेल टाकून येतो. तो गेला तो ऑफिसचं दार लावूनच बसला.

मी खुर्चीवर बसले. समोर भिंतभर मी काढून घेतलेला वंशवृक्ष होता. उजवीकडे तीन सासरं, ढाली, रंग, फांद्याच फांद्या. डावीकडे मेबलचं माहेर. आई, बाप, आणि पुढे काही नाही. भाऊ नाही, बहीण नाही. ती जागा इतकी मोकळी होती, की फायर एक्झिटचा दरवाजा आणि त्याची हिरवी पाटी तिथे आरामात बसली होती.

आणि मला एकदम कळलं, की हे सगळं मी पाहिलेलं आहे. सांगलीला, मंगल कार्यालयात, एकदा नव्हे दहादा. हा रुसवा आहे. नवऱ्याच्या मामाला चहा आधी मिळाला नाही, विहिणीच्या ताटाभोवती रांगोळी नाही, झालं. इथे तर तीन-तीन वरपक्ष एकाच मांडवात आले होते आणि मुलीकडचं कोणीच नव्हतं. मग रुसवा काढणार कोण? सकाळपासून तिघं भांडत होते आणि मेबलचं नाव एकानेही घेतलं नव्हतं. मला राग आला.

मी मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, फोन केला. तो शनिवारी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर, आपल्याकडच्या दुकानांत, भाजी आणायला जातो.

"तीन नारळ घेऊन इकडे ये. शेंडीवाले."

"कोणाकडे काय आहे?"

"मेबलकडे लग्न आहे."

तो म्हणाला, "बरं. आहेर काय करायचा?"

आमचा संसार टिकला तो अशा प्रश्नांमुळे.

आहेर गिफ्ट शॉपमधून झाला. किल्ल्याचं चित्र छापलेले टी टॉवेल, म्हणजे भांडी पुसायचे पंचे, घडी घालून शालीसारखे केले. गुलाबपाण्याच्या जागी लॅव्हेंडरचा स्प्रे घेतला. कुंकवाचा मोह मी आवरला, कारण जुन्या वस्तूंजवळ पूड आणायला वेगळी परवानगी लागली असती. मिलिंद नारळ घेऊन पोचला, तसं तिघांना बाहेरून वळसा घालून फायर एक्झिटपाशी बोलावलं आणि दारात सीमांतपूजनाला उभी राहिले.

इथे एक सांगायला हवं. माझ्या लग्नात माझे बाबा असेच दारात हात जोडून उभे होते. त्याचा मला इतका संताप आला होता, की हे हात जोडणं माझ्याकडून कधी होणार नाही असं मी तेव्हाच ठरवलं होतं. पण ते माझ्या लग्नाचं होतं. हे मेबलचं होतं आणि तिचा हॉल जायची वेळ आली होती.

प्रत्येकाला स्प्रे केला. खांद्यावर टी टॉवेल, हातात नारळ. मग मी हात जोडले आणि बाबांचं वाक्य, जसं जमेल तसं, इंग्रजीत म्हटलं.

"मी मुलीकडची. आमच्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, तर पदरात घ्या."

आता आपल्याकडे या वाक्यावर वरपक्ष जरा मान हलवतो आणि दोन आणखी मागण्या पुढे करतो. हे इंग्रज होते. इंग्रज माणसाची तुम्ही मनापासून माफी मागितली, की त्याला ती सहन होत नाही. तो लगेच तुमची मागतो.

"छे छे, तुमचं काही चुकलं नाही," कर्नलसाहेब म्हणाले. "चूक माझी. सॉरी." मग ते हातातल्या नारळाकडे बघत राहिले. इथल्या गावजत्रेत नारळ मांडून ठेवतात आणि चेंडू मारून तो पाडायचा असतो. पाडला तर तुमचा. लहानपणी दर उन्हाळ्यात प्रयत्न करूनही त्यांना तो कधी मिळाला नव्हता. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला.

मिसेस वेनबरो कर्नलना सॉरी म्हणाल्या. पॉट्स दोघांना सॉरी म्हणाले आणि पेटीचाही उल्लेख केला, की तिच्यात वॉशर ठेवायला नको होते. मग तिघं फितीपाशी आले आणि नवीनच पंचाईत झाली. कोणी कात्री घेईना.

"तुम्ही आधी," कर्नल म्हणाले.

"नाही, तुम्ही," मिसेस वेनबरो म्हणाल्या.

पॉट्स तर दोन पावलं मागेच सरले. पाहुणे जमले होते, ट्रस्टींच्या अध्यक्ष घड्याळ बघत होत्या. ग्रॅहम ऑफिसबाहेर आला, त्याने तीन टी टॉवेल पाहिले आणि परत आत गेला. हे 'तुम्ही आधी' संध्याकाळपर्यंत चाललं असतं. सकाळचं भांडण परवडलं असं मला वाटायला लागलं.

शेवटी पॉट्सनी नारळ काखेत धरला आणि माझ्याकडे वळले.

"किल्ला कोणाचा?"

"मेबलचा," मी म्हणाले.

"म्हणजे आम्ही तिघंही इथे लग्न करून आलेलो. घरजावई." हा शब्द त्यांनी अर्थातच वापरला नाही, पण बाकी काही अर्थ निघत नव्हता. "मग मुलीकडच्यांनीच कापावी."

कर्नल म्हणाले, बरोबर आहे. मिसेस वेनबरोंनी कात्री माझ्या हातात दिली. मिलिंद तोपर्यंत वेफर्सच्या टेबलापाशी पोचला होता, त्याला मी ओढून आणलं, कारण मुलीकडून एकटं कसं उभं राहायचं. फीत मी कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येईल असं वाटलं आणि थोडं आलंही. सातशे वर्षांनी का होईना, बाईला माहेर मिळालं होतं.

प्रदर्शन आजही चालू आहे. सॉफ्ट प्ले तबेल्यात गेलं आणि कॅफे तिकडेही चांगला चालतो. शिक्का, पुस्तक आणि पेटी जागच्या जागी आहेत. पॉट्स वर्षातून एकदा येतात आणि आमचा बॉयलर बघून जातात, सोयऱ्यांचा म्हणून.

डिसेंबरात म्युझियमला कर्नलसाहेबांचं ख्रिसमस कार्ड आलं. ग्रॅहमने ते सगळ्यांच्या टेबलांवरून फिरवलं, कारण पाकिटावर कोणाचंच नाव नव्हतं. फक्त 'मुलीकडच्या मंडळींना' असं होतं.

मी ते घेतलं आणि वंशवृक्षावर डावीकडे, फायर एक्झिटच्या पाटीखाली चिकटवलं. दुसऱ्या दिवशी फायर इन्स्पेक्शनवाल्यांनी ते काढायला लावलं. आता माझ्या टेबलावर आहे. शेजारी एक नारळ ठेवलेला असतो. या धंद्यात कधी लागेल सांगता येत नाही.