भरून काढलेले खाडे

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातून निघताना गॅस तीनदा बघणारी, लिफ्ट मधेच अडकेल म्हणून चार मजले चढून जाणारी. अशा बाईला लोकांच्या तब्येतीच्या पाहणीवर कोणी नेमलं, देव जाणे. पण नेमलं खरं, आणि दोन वर्षं मी ब्लडप्रेशरचं मशीन खांद्याला लावून नाहूर-मुलुंडच्या इमारती चढत-उतरत होते.

आमचं संशोधन सांगायला सोपं होतं. प्रेशरची गोळी डॉक्टर देतात, लोक ती आणतात आणि घ्यायला विसरतात. जरा बरं वाटलं की बंदच करतात. रोज घ्यायची सवय माणसाला कशाने लागते, ते आम्हाला शोधायचं होतं. कुणाला फोनवर आठवण करून देऊन बघायचो, कुणाच्या सुनेला हाताशी धरायचो. महिन्यातून एकदा घरी जाऊन प्रेशर तपासायचं आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या.

हजेरीची कल्पना माझी. माझ्याकडची बरीच माणसं कोकणातून आलेली, गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेली. त्यांच्याशी आरोग्याच्या सवयींबद्दल बोललं की ती मान डोलवत टीव्हीकडे बघायची. मग मी त्यांना गिरणीत असायचं तसं हजेरीचं कार्ड करून दिलं. गोळी घेतली की त्या दिवसाच्या चौकोनात खूण, चुकली की खाडा. "एकही खाडा नको हां काका," असं मी मुकादमासारखी दरडावून यायची. काय फरक पडला म्हणून सांगू. कार्डं भरायला लागली, मोजणी जुळायला लागली. ऑफिसात मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी आठवडाभर हवेत होते.

नाहूरच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे. ते आणि काकू, दोघंच. त्यांचं कार्ड मी नमुना म्हणून सगळीकडे दाखवायची. त्या दिवशी सकाळी दहाला गेले तर काका खुर्चीत बसलेले. कपाळ ओलं, चेहरा पांढरा. तरी हसले आणि रिकामी पाकिटं पुढे सरकवली. मी मोजली. एकही गोळी जास्त नव्हती, एकही कमी नव्हती. कार्डावर सगळ्या खुणा होत्या. शाबास म्हणत मी पट्टा बांधला.

वरचा आकडा आला अठ्ठ्याहत्तर. मला वाटलं मशीन बिघडलं. पट्टा सोडून पुन्हा बांधला. बहात्तर. त्यांचा हात बर्फासारखा लागत होता.

"काका, आज सकाळी काय काय घेतलंत?"

उत्तर काकूंनी दिलं, स्वयंपाकघराच्या दारातून. "सात गोळ्यो घेतल्यानी एकदम. मी म्हटलंय, बाईंक विचारा आधी. आयकतत खंय."

काका पुतण्याच्या लग्नाला सहा दिवस गावी गेले होते आणि गोळ्या इथेच फळीवर राहिल्या होत्या. परत आल्यावर सहा चौकोन रिकामे. न घेता खूण करणं त्यांना जमणारं नव्हतं. उरलेल्या गोळ्या फेकून मोजणी जुळवणं तर त्याहून नाही. इतका सरळ माणूस. त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं.

"गिरणीत खाडो पडलो की डबल पाळी करूची आणि भरून काढूचो," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "तसोच भरून काढलंय. तू मोज."

आणि ते खुर्चीतून खाली घसरले.

मी काकूंना हाक मारली आणि आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आडवं कर, पाय उचलून धर, लगेच हॉस्पिटलला आण. काकूंनी पायांखाली उशा सारल्या. शेजारच्या दोघांनी काकांना चादरीत घालून जिन्यावरून उतरवलं. त्या जिन्याचं प्रत्येक वळण मला अजून आठवतं. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सारखी नाकाशी बोट धरून श्वास बघत होते. हे मी केलं, एवढंच डोक्यात चाललं होतं. गोळी एकदम घ्यायची नाही, चुकली तर चुकली, हे वाक्य मी कार्डावर कुठेच लिहिलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. गिरणीचा शब्द मी उचलला होता, आणि गिरणीत खाड्याचं काय करतात ते विचारलं नव्हतं.

काका तिसऱ्या दिवशी घरी आले, हे आता सांगता येतं. त्या दुपारी कोणी काही सांगत नव्हतं. सलाईन चालू होतं, आकडा हळूहळू चढत होता, आणि डॉक्टर म्हणत होते की उद्यापर्यंत थांबा. काकू बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पाणी प्यायला बाटली काढायला गेले आणि पिशवीतून कार्डांचा गठ्ठा हाताला लागला. सगळी भरलेली. एकही खाडा नाही. इतके दिवस ती बघून मला आनंद व्हायचा. माणसं गावाला जातात, आजारी पडतात, विसरतात. मग खाडे गेले कुठे?

तिथेच व्हरांड्यात उभी राहून मी एकेकाला फोन लावायला लागले. पाचवा फोन मुलुंडच्या एका आजींना. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे माझी फेरी होती.

"बरं झालं फोन केलास," त्या म्हणाल्या. "चार राहिल्यात गं माझ्या. उद्या तू येणार ना, म्हणून आत्ता घ्यायलाच बसले होते. पाणी आहे हातात."

"आजी, ग्लास खाली ठेवा. एकही घेऊ नका." माझा आवाज इतका चढला की बाकावरच्या काकूंनी मान वर केली.

पलीकडे ग्लास ठेवल्याचा आवाज आला. आजी घाबरल्या होत्या, पण स्वतःसाठी नाही.

"मग तुझ्या कार्डाचं काय, गं?" त्यांनी विचारलं. "तुला कोणी बोलणार नाही ना?"